विश्लेषण : अमेरिकेच्या सरकारी इमारतींना रोमन खांब कुठून आले? जेफरसन यांचे ‘फ्रेंच कनेक्शन’ काय?

अमेरिकेतील अनेक विधिमंडळे आणि न्यायालये जुन्या रोमन देवळांसारखी दिसतात. ही निओक्लासिकल शैली तिथे रुजवण्यात तिसरे राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन यांचा मोठा वाटा होता.

जेफरसन वास्तुविशारद होते का?

पदवीने नाही. १७४३ मध्ये व्हर्जिनियात जन्मलेले जेफरसन पेशाने वकील. इमारतीचे आराखडे काढायला ते इटालियन वास्तुविशारद पॅलाडिओच्या ग्रंथांतून शिकले. माँटिचेलो या स्वतःच्या घराचे काम त्यांनी १७६९ मध्ये सुरू केले.

फ्रान्समध्ये काय घडले?

१७८५ ते १७८९ या काळात ते फ्रान्समध्ये अमेरिकेचे राजदूत होते. त्याच वेळी व्हर्जिनियाला रिचमंडमध्ये विधान भवन हवे होते. जेफरसन यांनी नीम शहरातील ‘मेझाँ कारे’ हे रोमन देऊळ नमुना म्हणून निवडले आणि फ्रेंच वास्तुविशारद क्लेरिसो यांच्या मदतीने आराखडा केला. तोवर तिकडे बांधकाम सुरूही झाले होते. ते थांबवा, अशी पत्रे त्यांना धाडावी लागली. १७८६ मध्ये त्यांनी प्लास्टरची प्रतिकृती पाठवली. गंमत म्हणजे मूळ देऊळ त्यांनी प्रत्यक्ष पाहिले ते १७८७ मध्ये!

दोन्ही देशांत फरक काय?

फ्रान्समध्ये या शैलीला आश्रय राजाचा आणि सरदारांचा होता. पॅरिसचे आजचे पँथियन हे पंधराव्या लुईने बांधायला घेतलेले भव्य दगडी चर्च होते. अमेरिकेत तीच शैली लोकांच्या विधिमंडळाला मिळाली. दगडाऐवजी वीट आणि गिलावा आला. कोरिंथियन खांबांवरची पानांची नक्षी कोरणे अवघड, म्हणून रिचमंडमध्ये सोपे आयोनिक खांब घेतले. पुढे व्हर्जिनिया विद्यापीठासाठी त्यांनी रोमच्या पँथियनची निम्म्या मापाची ‘रोटुंडा’ आखली. विद्यापीठाच्या मध्यभागी चर्च नव्हे, तर ग्रंथालय ठेवले.

माँटिचेलोचा घुमट कुणी उभारला?

पॅरिसमधील ‘ओतेल द साल्म’ या हवेलीचा घुमट जेफरसन यांना फार आवडला होता. परतल्यावर त्यांनी माँटिचेलो नव्याने बांधायला घेतले आणि त्यावर घुमट चढवला. पण विटा भाजण्यापासून सुतारकामापर्यंत बरेचसे काम गुलामांचे होते. सर्व माणसे समान आहेत, असे जाहीरनाम्यात लिहिणाऱ्या जेफरसन यांनी आयुष्यभरात ६०० हून अधिक माणसे गुलाम म्हणून बाळगली.

शेवट कसा झाला?

४ जुलै १८२६ रोजी, स्वातंत्र्याच्या पन्नासाव्या वर्धापनदिनी त्यांचे निधन झाले. मागे लाखाहून अधिक डॉलरचे कर्ज होते. ते फेडण्यासाठी १८२७ मध्ये गुलामांचा लिलाव झाला, कुटुंबांची ताटातूट झाली. नंतर घरही विकले गेले. १९८७ मध्ये माँटिचेलो आणि व्हर्जिनिया विद्यापीठ युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले. माँटिचेलोला भेट देणाऱ्यांना आज घुमटाबरोबरच तिथल्या गुलामांचा इतिहासही सांगितला जातो.