सरकारी नोकरी सोडलेला ड्राफ्ट्समन

सध्या आपल्या होस्टेलच्या प्रत्येक मजल्यावर एक तरी 'फ्रीलान्सर' सापडतोच. कोणी लोगो करून देतं, कोणी लग्नाचे व्हिडिओ एडिट करतं, कोणी हॉटेलांची मेनूकार्डं डिझाइन करतं. मीही त्यातलीच एक. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, त्यामुळे फ्रीलान्सिंगला मराठीत काय म्हणतात हे आजीला विचारावं लागलं. तिच्या मते त्याला सुटी कामं घेणं म्हणतात, आणि सुटी कामं घेणाऱ्याला कोणी मुलगी देत नाही!

आमच्या घरी हल्ली वाद एकच. कॅम्पसमधून मिळेल ती नोकरी धरायची, की हीच सुटी कामं वाढवायची? या वादात मला जे चरित्र सगळ्यात जास्त उपयोगी पडलं ते कुठल्या आयटीवाल्याचं नाही, दादासाहेब फाळक्यांचं आहे. भारतीय चित्रपटसृष्टीचे जनक, हे जनरल नॉलेजचं उत्तर आपल्या सगळ्यांना पाठ असतं. पण 'राजा हरिश्चंद्र' लागला तेव्हा त्यांचं वय त्रेचाळीस होतं. मग आधीची वीस वर्षं ते काय करत होते? तर सुटी कामं!

आपल्या कोपरगावावरून जी गोदावरी वाहते ती जिथे उगम पावते, त्या त्र्यंबकेश्वरला ३० एप्रिल १८७० रोजी धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म झाला. वडील संस्कृतचे शास्त्री. त्यांना मुंबईच्या विल्सन कॉलेजात नोकरी लागली आणि कुटुंब मुंबईला आलं. धुंडिराज १८८५ मध्ये जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले आणि पुढे १८९० मध्ये बडोद्याच्या कलाभवनात. तिथे चित्रकला, मूर्तिकाम, वास्तुकला, फोटोग्राफी, जे मिळेल ते शिकले. १८९२ च्या अहमदाबादच्या औद्योगिक प्रदर्शनात त्यांच्या आदर्श नाट्यगृहाच्या मॉडेलला सुवर्णपदक मिळालं. मग रतलामला जाऊन तीनरंगी ब्लॉक बनवण्याचं तंत्र शिकले. आपण एका सेमिस्टरला एक सॉफ्टवेअर शिकून थकतो, हे गृहस्थ थांबायलाच तयार नव्हते.

पण हुशारी असली म्हणजे गिऱ्हाईक येतंच असं नाही. त्यांनी गोध्र्याला फोटो स्टुडिओ काढला. प्लेगच्या साथीत पत्नी आणि मूल दोघंही गेली. दादासाहेब बडोद्याला परतले आणि पुन्हा स्टुडिओ थाटला. तिथे वेगळंच संकट! कॅमेरा माणसाच्या अंगातली शक्ती ओढून घेतो आणि माणूस लवकर मरतो, अशी अफवा पसरली आणि धंदा बसला. मग त्यांनी नाटक कंपन्यांचे पडदे रंगवले. एका जर्मन जादूगाराकडून जादू शिकले आणि फाळके हे नाव उलटं करून 'प्रोफेसर केळफा' म्हणून प्रयोगही केले. पुढे सिनेमात देव अदृश्य करायचे होते, तेव्हा ही जादू कामाला आली.

१९०३ मध्ये त्यांना पुरातत्त्व खात्यात फोटोग्राफर आणि ड्राफ्ट्समनची नोकरी मिळाली. सरकारी, पक्की! आजीच्या भाषेत बोलायचं तर आता मुलगी द्यायला हरकत नव्हती (लग्न आदल्याच वर्षी झालं होतं, सरस्वतीबाईंशी). पण स्वदेशीच्या त्या दिवसांत, १९०६ च्या सुमारास, त्यांनी नोकरी सोडली आणि लोणावळ्याला स्वतःचा छापखाना काढला. राजा रविवर्म्यांच्या प्रेसची कामं त्यांच्याकडे येत. पुढे छापखाना दादरला आला, भागीदार बदलला, 'लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स' असं नाव पडलं. १९०९ मध्ये रंगीत छपाईची यंत्रं आणायला दादासाहेब जर्मनीला गेले. धंदा जोरात चालला. आणि मग भागीदाराशी बिनसलं. ज्या प्रेसचा हात आणि डोळा तेच होते, त्यातून ते काही पैसा न घेता बाहेर पडले.

ही गोष्ट मला फार टोचली. ज्ञान त्यांचं, मेहनत त्यांची, पण धंदा मात्र त्यांचा राहिला नाही.

१९११ च्या एप्रिलमध्ये, ईस्टरच्या सुमारास, त्यांनी गिरगावात ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला आणि आपले राम-कृष्ण असे पडद्यावर का नकोत, या विचाराने झपाटले. सतत सिनेमे पाहून डोळे बिघडले, उपचार घेऊन बरे झाले. विमा पॉलिसी गहाण टाकून १९१२ च्या फेब्रुवारीत लंडन गाठलं. तिथे 'बायोस्कोप' साप्ताहिकाच्या संपादकांमुळे सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओत काम बघायला मिळालं. विल्यमसन कॅमेरा विकत घेतला आणि एप्रिलमध्ये परत आले.

आता खरी अडचण पैशांची. फाळके भारतात सिनेमा काढणार, यावर विश्वास कोण ठेवणार? दादासाहेबांनी नुसतं बोलून पटवत बसण्याऐवजी कुंडीत वाटाणे पेरले, समोर कॅमेरा लावला आणि महिनाभर एकेक फ्रेम घेतली. पडद्यावर बघता बघता दाण्याला कोंब फुटला, रोप वर आलं! आज आपण याला टाइमलॅप्स म्हणतो, त्या फिल्मचं नाव होतं 'अंकुराची वाढ'. ती दाखवल्यावर भांडवल मिळालं. अर्थात तारणाला सरस्वतीबाईंचे दागिने गेलेच.

सरस्वतीबाईंबद्दल तर वेगळा लेख लिहायला हवा. कच्च्या फिल्मला अंधारात भोकं पाडणं त्यांनी शिकून घेतलं, आणि सगळ्या युनिटचा स्वयंपाकही त्याच करत. सिनेमात काम करणं तेव्हा इतकं कमी दर्जाचं समजत की तारामतीसाठी एक बाई मिळेना. शेवटी हॉटेलात काम करणाऱ्या अण्णा साळुंके यांना साडी नेसवली. नटांना सांगून ठेवलं होतं की कोणी विचारलं तर हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत कामाला आहोत असं सांगा. म्हणजे घरच्यांना नोकरीचं नाव सांगायची अडचण तेव्हापासूनची आहे!

३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशनमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लागला आणि चालला. पण सुरतेला गर्दी होईना, कारण तेवढ्याच पैशांत लोकांना सहा तासांचं नाटक बघायला मिळायचं. मग दादासाहेबांनी जाहिरात केली म्हणतात: सत्तावन्न हजार फोटोंचा खेळ, दोन मैल लांबीचं चित्र, फक्त तीन आण्यांत! मी कॅल्क्युलेटर काढला. फिल्म ३७०० फूट, एका फुटात सोळा फ्रेम, म्हणजे सुमारे ५९ हजार. फोटोंचा आकडा जवळजवळ बरोबर. दोन मैल मात्र जरा सढळ हाताने मोजलेले!

पुढे नाशिकला बस्तान हलवलं. पहिल्या महायुद्धात भांडवल आटलं, तरी १९१७ मध्ये 'लंका दहन' तुफान चालला. १९१८ मध्ये मुंबईच्या पाच व्यापाऱ्यांबरोबर हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी काढली, आणि छापखान्याचीच गोष्ट पुन्हा घडली. खर्चावरून आणि कामाच्या पद्धतीवरून वाद झाले, दादासाहेब सगळं सोडून काशीला गेले. दोन-तीन वर्षांनी परतले, पण मालक म्हणून नव्हे. बोलपट आला आणि त्यांचा जमाना मागे पडला. १९३७ चा 'गंगावतरण' हा शेवटचा चित्रपट. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला ते गेले, तेव्हा हाताशी फारसं काही उरलं नव्हतं. त्यांच्या नावाचा पुरस्कार १९६९ मध्ये सुरू झाला.

हे वाचून आमच्या घरी माझी बाजू बळकट झाली की कमजोर, तुम्हीच ठरवा. बाबा शेवटची वर्षं दाखवतात, मी वाटाण्याची कुंडी दाखवते. मला वाटतं दोन्ही खरं आहे. कला अंगात असावी, नवीन तंत्र शिकायची लाज नसावी, आणि पैसे मागायच्या आधी नमुना समोर ठेवावा, हे दादासाहेबांकडून घ्यावं. पण काम कोणाचं, नफा कोणाचा, मतभेद झाले तर कोण काय घेऊन निघणार, हे पहिल्या दिवशी कागदावर आणावं. ते त्यांना दोनदा फार महाग पडलं.

गेल्या महिन्यात एका क्लासवाल्यांचं पोस्टर मी करून दिलं. पैसे अजून यायचे आहेत. पुढच्या कामाला मात्र आधी कागद, मग डिझाइन.