लोकगायक प्रल्हाद शिंदे

(ध्वनिफितींच्या म्हणजे कॅसेटच्या काळात ज्यांचा आवाज महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांत पोहोचला, अशा एका लोकगायकाची ओळख या पाठात करून दिली आहे. गरिबीत वाढलेला एक मुलगा केवळ आपल्या गळ्याच्या बळावर लाखो लोकांचा आवडता गायक कसा झाला, ते वाचा.)

मुलांनो, तुमच्यापैकी जे बिडकीन किंवा पैठण भागात राहतात, त्यांना नाथषष्ठीची यात्रा चांगली माहीत असेल. छत्रपती संभाजीनगरहून पैठणला जाणारा रस्ता बिडकीनवरून जातो. फाल्गुन महिन्यात या रस्त्याने दिंड्या जाऊ लागतात. खांद्यावर पताका घेतलेले वारकरी टाळ वाजवत चालत असतात. वाटेवरच्या चहाच्या हॉटेलात किंवा एखाद्या वाहनावर लावलेल्या कर्ण्यातून विठ्ठलाची गाणी ऐकू येतात. त्यांत एक आवाज तुम्ही नक्की ऐकला असेल. तो आवाज खडा आहे, उंच चढणारा आहे आणि ऐकणाऱ्याला हाक मारल्यासारखा वाटतो. त्या आवाजाचे धनी म्हणजे प्रल्हाद शिंदे.

त्यांचा आवाज तुमच्या ओळखीचा आहे. पण त्यांचे आयुष्य तुम्हांला माहीत आहे का?

प्रल्हाद शिंदे यांचा जन्म १९३३ साली झाला. त्यांचे घराणे सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढ्याचे. वडिलांचे नाव भगवान आणि आईचे नाव सोनाबाई. घरात शेतीवाडी किंवा पैसाअडका नव्हता. होते ते फक्त गाणे. आईवडील गावोगाव फिरत, गाणी म्हणत आणि त्यावरच पोट भरत. लहानगा प्रल्हादही त्यांच्याबरोबर फिरे आणि त्यांच्या सुरात सूर मिसळी. तुम्ही शाळेत बसून पाढे पाठ करता, त्या वयात तो यात्रेतल्या गर्दीपुढे उभा राहून गात होता. गाणे आवडले नाही तर लोक पुढे निघून जातात आणि आवडले तर थांबतात, हे त्याला फार लवकर कळले. भर गोंगाटात आपला आवाज शेवटच्या माणसापर्यंत कसा पोहोचवायचा, हेही तो तिथेच शिकला.

मंगळवेढा हे संत चोखामेळ्याचे गाव. चोखोबा विठ्ठलाचे मोठे भक्त होते. पण त्या काळी अस्पृश्य मानलेल्या जातीत त्यांचा जन्म झाला होता. त्यामुळे त्यांना पंढरपूरच्या मंदिरात प्रवेश नव्हता. मंगळवेढ्यात गावकुसाचे काम चालू असताना भिंत कोसळून १३३८ साली त्यांचा अंत झाला. त्यांची समाधी पंढरपूरच्या मंदिरात नाही. ती महाद्वाराच्या पायरीजवळ बाहेर आहे. पुढे सहाशे वर्षे गेली, तरी मंदिराचे दार या समाजाला बंदच राहिले. अखेर मे १९४७ मध्ये साने गुरुजींनी पंढरपुरात उपोषण केले आणि ते दार सर्वांसाठी उघडले. तेव्हा प्रल्हाद चौदा वर्षांच्या आसपासचा होता. तोही दलित समाजातलाच मुलगा. म्हणजे ज्या देवाची गाणी पुढे त्याने घरोघरी पोहोचवली, त्या देवाचे दार त्याच्या लहानपणी त्याच्या माणसांना बंद होते. ही गोष्ट पुढचा पाठ वाचताना लक्षात ठेवा.

पुढे प्रल्हाद शिंदे कव्वालीकडे वळले. तो काळ कव्वालीच्या मोठ्या लोकप्रियतेचा होता. मुंबईच्या वस्त्यांमध्ये रात्ररात्र कव्वालीचे सामने होत. इस्माईल आझाद हे त्या वेळचे नामवंत कव्वाल. १९५८ सालच्या ‘अल हिलाल’ या चित्रपटातील कव्वालीमुळे त्यांचे नाव देशभर झाले होते. प्रल्हाद शिंदे यांनी त्यांच्या पथकात कोरस गायला. इस्माईल आझाद उस्ताद होते आणि प्रल्हाद शिंदे त्यांचे शागीर्द.

कव्वाली कशी असते, हे तुम्हांला सांगायला नको. उरुसात तुम्ही ती ऐकली असेल. मुख्य कव्वाल एक ओळ म्हणतो, हमनवा ती उचलून धरतात, टाळ्यांचा ठेका चालू राहतो. एकच ओळ पुन्हा पुन्हा, दर वेळी थोडी वेगळी करून म्हटली जाते आणि ऐकणारा हळूहळू तिच्यात रंगून जातो. मराठी भजनातही टाळकरी ओळ उचलून धरतात आणि शाहिराच्या मागे झीलकरी झील धरतात. ‘शाहीर’ हा मराठी शब्ददेखील तुमच्या ‘शायर’ या शब्दापासूनच आला आहे. प्रल्हाद शिंदे यांच्या गळ्यात भजनाची गोडी लहानपणापासून होती. तिला आता कव्वालीचा जोश मिळाला. म्हणूनच त्यांची मराठी गाणी ऐकताना तुम्हांला कव्वालीची आठवण येते. शब्द मराठी असतात. पण शब्द फेकण्याची, तान उंच नेण्याची आणि मुखड्यावर परत येण्याची रीत कव्वालाची असते.

याच काळात महाराष्ट्रात भीमगीतांची चळवळ वाढत होती. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपुरात लाखो अनुयायांसह बौद्ध धर्माची दीक्षा घेतली आणि ६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांचे विचार निरक्षर माणसांपर्यंत कोण पोहोचवणार? हे काम गायकांनी हाती घेतले. वामनदादा कर्डक यांच्यासारख्या कवींनी हजारो गाणी रचली. शिका, संघटित व्हा, व्यसन सोडा, मुलीला शाळेत घाला, अशा गोष्टी ही गाणी सांगत. त्यांतल्या अनेक गाण्यांना कव्वालीची चाल असे. प्रल्हाद शिंदे यांच्या खड्या आवाजाने भीमगीतांत मोठी भर घातली. १४ एप्रिलला डॉ. आंबेडकर जयंतीच्या रात्री गावोगाव त्यांच्या आवाजातली गाणी वाजू लागली. तुमच्या जिल्ह्यात तर या गाण्यांना विशेष मान आहे. बाबासाहेबांनी १९५० साली औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय सुरू केले. १४ जानेवारी १९९४ रोजी मराठवाडा विद्यापीठाला त्यांचे नाव दिले गेले. दरवर्षी त्या दिवशी विद्यापीठाच्या प्रवेशद्वाराजवळ हजारो लोक जमतात आणि भीमगीते ऐकतात.

मग एच. एम. व्ही. या मोठ्या कंपनीने प्रल्हाद शिंदे यांच्या आवाजात भक्तिगीते ध्वनिमुद्रित केली. ‘पाउले चालती पंढरीची वाट’ हे त्यांतले सर्वांत प्रसिद्ध गाणे. गीत दत्ता पाटील यांचे आणि संगीत मधुकर पाठक यांचे. कर्जाने आणि गरिबीने गांजलेला माणूस पंढरीची वाट कशी धरतो, हे त्या गाण्यात आहे. गरिबी म्हणजे काय, हे गायकाला कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. ते दुःख त्यांच्या आवाजातच होते, म्हणून ते ऐकणाऱ्याला खरे वाटले.

परंतु गाणे चांगले असले, तरी ते गरिबाच्या घरी पोहोचणार कसे? सुरुवातीला गाणी तबकड्यांवर निघत. तबकडी वाजवण्याचे यंत्र महाग असे आणि ते खेड्यात क्वचितच एखाद्याकडे असे. तबकड्या तयार करायला मोठा कारखाना लागे. त्यामुळे कोणाचे गाणे काढायचे, हे मोजक्या कंपन्याच ठरवत.

ऐंशीच्या दशकात हे चित्र बदलले. कॅसेट आली. तुमच्यापैकी पुष्कळांनी कॅसेट पाहिलीही नसेल, म्हणून ती कशी होती ते सांगतो. तळहातावर मावेल अशी प्लॅस्टिकची चपटी डबी. तिच्यात दोन चक्रे आणि त्यांवर गुंडाळलेली पातळ, तपकिरी फीत. या फितीवर लोहाच्या ऑक्साइडच्या भुकटीचा थर असतो. आवाजाची नोंद चुंबकाच्या साहाय्याने त्या थरावर होते. साठ मिनिटांच्या कॅसेटच्या प्रत्येक बाजूला अर्धा तास गाणी मावत. एक बाजू संपली की डबी काढायची आणि उलटी करून घालायची. फीत सैल पडली तर चक्राच्या भोकात पेन्सिल घालून ती फिरवायची.

या छोट्या डबीने फार मोठे काम केले. टेपरेकॉर्डर सेलवरही चाले. त्यामुळे वीज नसलेल्या वस्तीतही गाणे वाजू लागले. आखाती देशांत कामाला गेलेले लोक परत येताना टेपरेकॉर्डर घेऊन येत. कॅसेटच्या प्रती काढण्यासाठी मोठा कारखाना लागत नसे. म्हणून टी-सीरीज, व्हीनस अशा नव्या कंपन्या पुढे आल्या आणि कॅसेट स्वस्त झाल्या. बिडकीनसारख्या बाजारगावांतही कॅसेट मिळू लागल्या. जगजित सिंग आणि पंकज उधास यांच्या गझला, अझीझ नाझाँ यांच्या कव्वाल्या, चित्रपटांची गाणी आणि प्रल्हाद शिंदे यांची भक्तिगीते व भीमगीते एकाच दुकानात शेजारी शेजारी मांडलेली असत. रिक्षात, पिठाच्या गिरणीत, लग्नाच्या मांडवात, एस. टी. स्टँडवरच्या हॉटेलात सगळीकडे ती वाजत. शहरातल्या मोठ्या सभागृहात ज्यांना कधी बोलावणे येत नव्हते, अशा लोकगायकांना कॅसेटने असा श्रोता मिळवून दिला.

याच लाटेत शिंदे घराण्याची पुढची पिढीही पुढे आली. प्रल्हाद शिंदे यांचे चिरंजीव आनंद शिंदे यांचे ‘नवीन पोपट हा’ हे गाणे ऐंशीच्या दशकात कॅसेटवरून असे गाजले, की ते लहान मुलांच्याही तोंडी झाले. दुसरे चिरंजीव मिलिंद शिंदे हेही गायक म्हणून प्रसिद्ध झाले.

मुलांनो, या यशाची दुसरी बाजूही तुम्ही समजून घेतली पाहिजे. त्या काळी अनेक लोकगायकांना गाण्याचे एकदाच ठरावीक मानधन मिळे. पुढे त्या गाण्याच्या कितीही प्रती खपल्या, तरी गायकाच्या हाती काही येत नसे. कॅसेटची नक्कल करणे सोपे होते. त्यामुळे चोरून काढलेल्या प्रतीही बाजारात भरपूर असत. दुकानदाराला पैसे मिळत, नक्कल करणाऱ्याला मिळत. ज्याच्या गळ्यातून गाणे आले, त्याला मात्र टाळ्या मिळत.

आता तुमच्या मनात एक प्रश्न येईल. बाबासाहेबांची गाणी गाणाऱ्या गायकाने विठ्ठलाची गाणी का गायली? आणि कव्वाली का गायली? त्याचे एक उत्तर साधे आहे. गाणे हा त्यांचा पोटाचा व्यवसाय होता. जे गाणे लोक मागत, ते त्यांना गावे लागे. पण एवढ्यावर थांबू नका. भीमगीत गाताना त्यांच्या आवाजात आपल्या समाजाचा अभिमान असे. भक्तिगीत गाताना दुःखी माणसाची हाक असे. कव्वाली गाताना उस्तादाने दिलेली विद्या असे. यांतले एकही गाणे त्यांनी उसने अवसान आणून गायले, असे ऐकणाऱ्याला वाटत नाही. ज्या समाजाला मंदिराच्या पायरीवर अडवले गेले, त्याच समाजातल्या गायकाचा आवाज आषाढी एकादशीला पंढरपुरात दुकानादुकानांतून घुमू लागला. गाभाऱ्याकडे जाणाऱ्या रांगेत उभे राहून तो ऐकणाऱ्यांनी गायकाची जात विचारली नाही. मग माणूस समोर आला की ती का विचारली जाते? या प्रश्नाचे उत्तर तुम्ही वर्गात एकमेकांशी बोलून शोधा.

२३ जून २००४ रोजी प्रल्हाद शिंदे यांचे निधन झाले. त्याच वर्षी मे महिन्यात वामनदादा कर्डकही गेले होते. एकाच वर्षी मराठी लोकसंगीताचे दोन मोठे आधार हरपले. पण शिंदे घराण्यातले गाणे थांबलेले नाही. प्रल्हाद शिंदे यांचे नातू आदर्श शिंदे यांनी २०१३ सालच्या ‘दुनियादारी’ या चित्रपटात गायलेले ‘देवा तुझ्या गाभाऱ्याला’ हे गाणे तुम्ही ऐकले असेल. त्या आवाजातला चढ ऐका, म्हणजे तुम्हांला आजोबांची आठवण होईल.

कॅसेटचा काळ आता संपला आहे. गाणी मोबाईलवर आली आहेत. कॅसेटच्या वेष्टनावर गायकाचे, कवीचे आणि संगीतकाराचे नाव छापलेले असे. आता पुष्कळदा गाणे ऐकू येते. पण नाव कोणी पाहत नाही. म्हणून पुढच्या वेळी रस्त्यावरून एखादे गाणे कानांवर आले, तर ते कोणी लिहिले, कोणी गायले, हे कोणाला तरी विचारा. नाव सांगणारा माणूस भेटला, तर त्याच्याकडून त्या गायकाची गोष्टही ऐका.

शब्दार्थ
आवाजाचे धनी – आवाजाचे मालक
गावकूस – गावाभोवतीची भिंत
झील धरणे – मुख्य गायकाच्या मागून ओळ म्हणणे
गांजलेला – त्रासलेला, दुःखी झालेला
तबकडी – गाण्यांची रेकॉर्ड
मानधन – कामाबद्दल सन्मानाने दिलेली रक्कम
उसने अवसान आणणे – नसलेला उत्साह दाखवणे
गाभारा – मंदिरात मूर्ती असते ती आतली खोली

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) प्रल्हाद शिंदे यांचे कव्वालीतले उस्ताद कोण होते?
(आ) पंढरपूरचे मंदिर सर्वांसाठी कोणत्या वर्षी उघडले?
२. कॅसेटमुळे लोकगायकांना कोणता फायदा झाला आणि कोणता तोटा झाला, ते पाच-सहा वाक्यांत लिहा.
३. कव्वाली आणि भजन यांत कोणते साम्य आहे?
४. उर्दू आणि मराठी या दोन्ही भाषांत वापरले जाणारे, गाण्याशी संबंधित पाच शब्द शोधा.
५. तुमच्या घरातील मोठ्या माणसांना त्यांच्या लहानपणी गाजलेल्या एका गाण्याविषयी विचारा आणि त्याच्या गायकाची माहिती मराठीत लिहा.