कार्ल वायरश्ट्रास

कार्ल थिओडोर विल्हेल्म वायरश्ट्रास (जन्म : ओस्टेनफेल्डे, वेस्टफालिया, ३१ ऑक्टोबर १८१५, मृत्यू : बर्लिन, १९ फेब्रुवारी १८९७) हे जर्मन गणितज्ञ होते. कलनशास्त्रातील 'सीमा' या संकल्पनेची आज महाविद्यालयांत शिकविली जाणारी काटेकोर व्याख्या त्यांच्या बर्लिन येथील व्याख्यानांतून रूढ झाली. उमेदीची सुमारे चौदा वर्षे मात्र त्यांनी शाळाशिक्षक म्हणून काढली.

शिक्षण व शाळेतील नोकरी

मुलाने सरकारी अधिकारी व्हावे, अशी वडिलांची इच्छा होती. त्यासाठी १८३४ मध्ये त्यांना बॉन विद्यापीठात कायदा व अर्थशास्त्र शिकण्यास पाठविण्यात आले. तेथे त्यांचे मन रमले नाही आणि चार वर्षांनी पदवी न घेताच ते परतले. पुढे म्युन्स्टर येथे क्रिस्टोफ गुडरमान यांच्याकडे गणित शिकून त्यांनी शिक्षकाची पात्रता मिळविली. १८४२ पासून डॉइच-क्रोन आणि १८४८ पासून ब्राउन्सबर्ग येथील शाळांत त्यांनी गणिताबरोबरच भूगोल, वनस्पतिशास्त्र, सुलेखन आणि व्यायाम हे विषयही शिकविले. संशोधन उरलेल्या वेळात चाले. आबेलीय समाकलांवरील त्यांचा एक निबंध ब्राउन्सबर्गच्या शाळेच्या वार्षिक अहवालात छापला गेला. तेथे तो गणितज्ञांच्या दृष्टीस पडणे अवघडच होते. १८४१ मध्ये लिहिलेला घात-श्रेणींवरील निबंध तर १८९४ पर्यंत अप्रकाशित राहिला.

१८५४ मध्ये क्रेले यांच्या नियतकालिकात आबेलीय फलनांवरील निबंध प्रसिद्ध झाला आणि चित्र पालटले. त्याच वर्षी क्योनिग्सबर्ग विद्यापीठाने त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली. १८५६ मध्ये, वयाच्या चाळिशीत, ते बर्लिनला आले.

सीमेची व्याख्या

न्यूटन व लायब्निट्स यांचे कलनशास्त्र अचूक उत्तरे देत असे, परंतु त्याचा पाया डळमळीत होता. त्यातील राशी आधी शून्याहून वेगळ्या मानून त्यांनी भागायचे आणि मग त्या शून्य समजून सोडून द्यायच्या, यावर बिशप बर्कली यांनी १७३४ मध्ये टीका केली होती. ती अनाठायी नव्हती. बोल्झानो व कोशी यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बरीच स्पष्टता आणली. तरी कोशी यांच्या व्याख्येत 'जवळ जात राहणे' ही गतीची भाषा उरलीच होती. वायरश्ट्रास यांनी गती वगळून केवळ असमता ठेवल्या.

उदाहरणार्थ, (क्ष² − ९) ÷ (क्ष − ३) ही राशी घेऊ. क्ष = ३ असता ती शून्य भागिले शून्य होते, म्हणून तिला तेथे किंमत नाही. इतरत्र ती क्ष + ३ एवढी असते. म्हणजे ६ पासूनचे तिचे अंतर हे क्ष चे ३ पासूनचे अंतरच होय. कोणी ०.०१ पेक्षा कमी चूक मागितली, तर क्ष ३ पासून ०.०१ पेक्षा कमी अंतरावर (पण ३ नव्हे) ठेवावा. मागणी कितीही बारीक असली तरी ती अशीच पुरी करता येते, म्हणून सीमा ६. मागितलेल्या चुकीला एप्सिलॉन व तिला पुरेशा अंतराला डेल्टा म्हणतात. एप्सिलॉन आधी दिला जातो आणि डेल्टा त्यानंतर शोधायचा असतो. विद्यार्थ्यांचा घोटाळा बहुधा हा क्रम उलटल्याने होतो.

या काटेकोरपणाची गरज त्यांनी १८७२ मध्ये बर्लिन अकादमीपुढे मांडलेल्या एका फलनाने दिसून आली. ते सर्वत्र संतत असूनही कोठेच अवकलनक्षम नाही. असा वक्र डोळ्यांपुढे आणता येत नाही. त्याची सिद्धता मात्र देता येते.

अध्यापन व अखेरचा काळ

१८६१ च्या अखेरीस प्रकृती ढासळल्यावर ते बसून व्याख्याने देत आणि फळ्यावर विद्यार्थी लिहीत असे. प्रकाशनाची त्यांना घाई नसे; त्यांचे विचार बव्हंशी विद्यार्थ्यांच्या टिपणांतून पसरले. १८७० मध्ये रशियाहून आलेल्या सोफिया कोवालेव्हस्काया यांना स्त्री म्हणून विद्यापीठात प्रवेश नाकारला गेला, तेव्हा वायरश्ट्रास यांनी त्यांना चार वर्षे खासगीरीत्या शिकविले. १८७४ मध्ये ग्योटिंगेन विद्यापीठाने कोवालेव्हस्काया यांना डॉक्टरेट दिली. १८९१ मध्ये त्यांचे निधन झाल्यावर वायरश्ट्रास यांनी त्यांची पत्रे जाळून टाकली.

वायरश्ट्रास अविवाहित होते. १८९५ मध्ये त्यांना रॉयल सोसायटीचे कॉप्ली पदक मिळाले. अखेरची वर्षे चाकाच्या खुर्चीत गेली आणि न्यूमोनियाने त्यांचा मृत्यू झाला. १८९४ मध्ये सुरू झालेल्या त्यांच्या समग्र लेखनाचा सातवा खंड १९२७ मध्ये निघाला.