सुरतेचा साहुकार वीरजी व्होरा

सुरतेचे नाव काढले की मराठी वाचकास प्रथम आठवते ती इ. स. १६६४ ची लूट. आणि त्या लुटीच्या वर्णनात वीरजी बोहरा हे नाव हटकून येते. ज्याचा वाडा खणून सोन्यामोत्यांची रास बाहेर काढली तो धनाढ्य सावकार, एवढीच त्याची आपल्याकडील ओळख. लुटला गेलेला मनुष्य म्हणून इतिहासात उरणे हे कोणाच्याही कर्तृत्वाला न्याय देणारे नाही. ती संपत्ती त्याने कशी जमविली, हे पाहू गेल्यास आजच्या कारखानदारालाही विचार करावयास लावील असा व्यवहार दृष्टीस पडतो.

बोहरा या नावावरून त्यास मुसलमान समजण्याची चूक होण्याचा संभव आहे. वस्तुतः वीरजी व्होरा हा जैन, लोंकागच्छाचा अनुयायी असून संघपती म्हणून त्या समाजात त्याचा मान होता. इंग्रजांनी सुरतेस वखार घातल्याला जेमतेम सहा वर्षे होत होती, तेव्हा म्हणजे १६१९ च्या सुमारास त्यांच्या कागदपत्रांत त्याचे नाव येऊ लागते. पुढे पन्नास वर्षे ते सतत येत राहते. त्याने स्वतः लिहिलेले चरित्र वा आठवणी नाहीत. जे कळते ते इंग्रज व डच वखारवाल्यांच्या पत्रांतून आणि काही प्रवाशांच्या वृत्तांतांतून. म्हणजे बहुतांशी त्याच्या प्रतिस्पर्ध्यांच्या लेखणीतून. त्या पत्रांत त्याच्याविषयी चीड आहे, भीती आहे, आणि नाइलाजाचा आदरही आहे.

त्या काळची सुरत ही केवळ मालाची चढउतार करणारी पेठ नव्हती. भडोच, नवसारी, गणदेवी, बडोदे, अहमदाबाद असा सगळा विणकरांचा मुलूख तिच्या पाठीशी होता. माग विणकराचा, घर विणकराचे. परंतु सूत घेण्यास व पोटास लागणारा पैसा त्याच्याजवळ नसे. तो दलालामार्फत आगाऊ मिळे, यास दादनी म्हणत. नमुना ठरे, लांबी-रुंदी ठरे, मुदत ठरे, मग काही महिन्यांनी कापड हाती येई. तेही कोरे; त्यानंतर धुलाई व रंगाई. प्रत्येक पेठेची आवड निराळी. मोख्यास जाणारा ताका बंतामला चालेलच असे नाही, आणि निळ्या कापडाच्या गिऱ्हाइकास पांढरा बाफ्ता दाखवून उपयोग नाही. म्हणून काय विणावयाचे याचा निर्णय गिऱ्हाईक समोर येण्याच्या कितीतरी आधी करावा लागे, आणि एकदा ताणा मागावर चढला की तो निर्णय फिरविता येत नसे.

इंग्रजांची अडचण येथेच होती. लंडनचे संचालक मागणीची यादी पाठवीत. ती आफ्रिकेला वळसा घालून सुवाळीच्या बंदरात पोहोचेपर्यंत सहा-सात महिने जात. त्या यादीनुसार दादनी देऊन विणवलेला माल पुढील हंगामाच्या जहाजाने निघून लंडनच्या पेठेत मांडला जाईतो दोन वर्षांच्या घरात काळ लोटे. दोन वर्षांपूर्वीच्या भुकेवर आजचा स्वयंपाक करावा, तसा हा प्रकार. त्यातच जहाजे पावसाळा संपताच येत, ठरावीक मुदतीत भरून निघाली पाहिजेत, हे सुरतेतील पोरासही ठाऊक असे. गिऱ्हाईक घाईत आहे हे विकणाऱ्यास कळले की भाव चढणारच. पावसाळ्यात, जहाजे नसताना, कापड स्वस्त पडते हे वखारवाल्यांनी लंडनला परोपरीने कळविले होते. परंतु त्या दिवसांत त्यांच्या पेटीत खरेदीपुरता पैसा नसे. मग ते कर्ज काढीत. कोणाकडून, तर बहुधा वीरजीकडून. १६३० नंतरच्या काळात ही कर्जे लाखांच्या घरात गेली.

म्हणजे मागणी कळल्यावर माल जमविणारी कंपनी आणि मागणी येण्याआधीच माल बाळगून बसणारा वीरजी, अशा दोन रीती एकाच शहरात शेजारी शेजारी नांदत होत्या, आणि पहिलीला लागणारे भांडवल दुसरीकडून येत होते. त्याची पद्धत बोलण्यास सोपी, करण्यास कठीण. अहमदाबाद, आग्रा, बऱ्हाणपूर, गोवळकोंडा, मलबार किनारा येथे त्याचे गुमास्ते असत; तांबडा समुद्र व इराणचे आखात येथील पेठांशीही त्याचा व्यवहार होता. कोठे काय पिकले, कोठे काय संपले, कोणत्या जहाजात काय भरले आहे, या वार्ता त्याच्याकडे अखंड येत. त्याचा अंदाज हा ज्योतिष नव्हते; तो जागोजागच्या डोळ्यांनी पाहिलेला हिशेब होता. आणि अंदाज चुकला तरी थांबून राहण्याची ऐपत त्याच्यापाशी होती. वखारीतील माल त्याला यंदाच विकावयाचा नसे. मराठीत इंग्रजांच्या ठाण्यालाही वखार म्हणतात आणि साठ्याच्या कोठारालाही. त्या शहरात दुसऱ्या अर्थाची वखार पहिलीवर कुरघोडी करीत होती.

१६२५ मधील मिऱ्यांचे प्रकरण यादृष्टीने बोलके आहे. दख्खनेतून आलेली मिरी वीरजीने उचलली होती. इंग्रजांना ती हवी होती. त्याने भाव चढा सांगितलाच, शिवाय त्यांच्याकडील पोवळ्यांच्या पेट्या आपणास स्वस्तात द्याव्यात अशी अट घातली. इंग्रजांनी रागाने परस्पर दख्खनेत खरेदी करण्याचे ठरविले. तेथे जाऊन पाहतात तो त्याचे गुमास्ते अधिक भाव देऊन माल घेत आहेत. पुढे डचांजवळील लवंगांचा साठाही त्याने असाच एकगठ्ठा घेऊन चढ्या भावाने विकला. पोवळ्यांच्या बाजारात तर त्याच्या संमतीवाचून सौदा करण्याचे धाडस दुसरा व्यापारी करीनासा झाला, अशी तक्रार १६४३ च्या सुमाराची आहे. मक्ता करणे प्रत्येकालाच साधत होते असे मात्र नाही. १६३३ मध्ये बादशाही आश्रयाने मनोहरदास नावाच्या व्यापाऱ्यास निळीचा मक्ता मिळाला. इंग्रज व डच यांनी एकी करून खरेदीच थांबविली, आणि दोनएक वर्षांत तो मक्ता मोडला. फर्मानाने माल ताब्यात येतो, गिऱ्हाईक येत नाही.

या व्यवहाराची दुसरी बाजू विसरता येण्यासारखी नाही. १६३० पासून १६३२ पर्यंत गुजरातेवर जो दुष्काळ कोसळला त्याने सगळेच आडाखे उलथून टाकले. सुवाळी गावच्या २६० कुटुंबांपैकी दहा-अकराच शिल्लक राहिली, अशी नोंद डचांनी केली आहे. कापसाच्या जमिनीत लोक धान्य पेरू लागले, विणकर मेले वा परागंदा झाले, कापडाचे भाव भडकले. इंग्रजांना सिंध व कोरोमंडल किनाऱ्याकडे कापड शोधीत जावे लागले. मागणी होती, पैसा होता, जहाजे होती. मागावर बसणारा माणूस नव्हता. ज्याच्या कोठारात तयार माल होता त्यास अशा वर्षी लाभच झाला असणार. साठेदाराचे शहाणपण आणि विणकराचे मरण एकाच वर्षात घडावे, हे त्या व्यवस्थेचे खरे स्वरूप होय. दादनीच्या पद्धतीत बाजार पडल्याचा फटका विणकराच्या मजुरीपर्यंत पोहोचे. बाजार चढल्याचा नफा सहसा त्याच्या ओट्यापर्यंत येत नसे.

राजसत्तेची गरज आणि लोभ हे मात्र वीरजीच्या कोणत्याच हिशेबात बसणारे नव्हते. १६३८ मध्ये सुरतेचा सुभेदार हकीम मसीहुज्जमान याने त्यास कैदेत टाकले. प्रकरण शहाजहान बादशहापर्यंत गेले, वीरजी सुटला व सुभेदाराची जागा गेली. १६५७ च्या अखेरीस शहाजादा मुराद याने तख्ताच्या झगड्यासाठी पैसा उभा करताना सुरतेच्या व्यापाऱ्यांकडून पाच लक्ष रुपये घेतले. ते वीरजी व हाजी झाहिद बेग यांनी सर्वांच्या वतीने दिले.

जानेवारी १६६४ मध्ये शिवाजी महाराज सुरतेवर चालून आले. स्वराज्याचा मुलूख मोगली फौजांनी वर्षानुवर्षे उद्ध्वस्त केला होता. त्याची भरपाई मोगलांच्या सर्वांत श्रीमंत बंदरातून करून घेणे हा महाराजांचा हेतू होता. इनायतखान सुभेदाराने आणि वीरजी, हाजी झाहिद बेग व हाजी कासीम या व्यापाऱ्यांनी स्वतः येऊन खंडणी ठरवावी, असा निरोप त्यांनी आधी पाठविला. कोणी आले नाही. सुभेदार किल्ल्यात जाऊन बसला. मग चार दिवस शहर जळत राहिले आणि त्यात वीरजीचा वाडा व कोठारे गेली. गरज पडेल म्हणून बाळगलेला माल एका जागी असतो, तो हलविता येत नाही, आणि तो कोठे आहे हे गावाला माहीत असते. साठ्याच्या व्यापारातील ही उणीव इतक्या लखलखीत उजेडात क्वचितच दिसली असेल.

तरीही तो बुडाला नाही. त्याचा पैसा व माल एकट्या सुरतेत नव्हता. बऱ्हाणपुराहून आग्र्यापर्यंत पसरलेल्या पेढ्यांनी त्यास सावरले. लुटीनंतरही वीरजी व हाजी झाहिद बेग यांनी मान खाली घातली नाही, असे इंग्रजांच्या पत्रव्यवहारातून दिसते. १६६६ मध्ये सुरतेस आलेला फ्रेंच प्रवासी थेवेनो याचा वीरजीशी चांगला परिचय होता. त्याने त्याची मत्ता निदान ऐंशी लक्षांची असल्याचे नमूद केले आहे. दशकाच्या अखेरीस तर पारा आणि हिंगूळ यांचा एवढा साठा या दोघांनी करून ठेवला होता की देशाची गरज कित्येक वर्षे भागावी. इंग्रजांना आपला माल कोणास विकावा हा प्रश्न पडला.

ऑक्टोबर १६७० मध्ये महाराजांची दुसरी स्वारी सुरतेवर झाली. त्यानंतर वखारीच्या कागदांत भीमजी पारेख वगैरे दलालांची नावे पुढे येतात, कंपनीची दृष्टी हळूहळू मुंबईकडे वळते, आणि वीरजी व्होऱ्याचा उल्लेख आढळेनासा होतो.