ग्रंथांनी घडविलेली संत : आविलाची संत तेरेजा

दरवर्षी १५ ऑक्टोबर रोजी ख्रिस्तसभा आविलाच्या संत तेरेजाचा सण साजरा करते. प्रार्थनेची थोर शिक्षिका म्हणून ती सर्वांना परिचित आहे. परंतु ह्या शिक्षिकेलाच अनेक वर्षे हाती पुस्तक असल्याशिवाय प्रार्थनेला बसण्याचे धैर्य होत नसे, हे फार थोड्यांना ठाऊक असेल.

तेरेजाचा जन्म २८ मार्च १५१५ रोजी स्पेनमधील आविला येथे झाला. वडिलांच्या संग्रहात उत्तम धार्मिक ग्रंथ होते. भाऊ रोद्रिगोसह ती संतचरित्रे वाचीत असे. त्या वाचनाने भारावून ही दोन्ही बालके ख्रिस्तासाठी प्राण देण्याकरिता घराबाहेर पडली होती! पुढे मात्र तिला शूर सरदारांच्या रंजक कथांचा छंद जडला आणि मन भक्तीपासून ढळू लागले. पुन्हा एक ग्रंथच तिच्या मदतीस धावून आला. संत जेरोमची पत्रे वाचून व्रतस्थ होण्याचा निर्णय वडिलांना सांगण्याचे बळ तिला लाभले. १५३५ साली तिने कार्मेल मठात प्रवेश केला.

मठात ती गंभीर आजारी पडली. त्या काळात काकांनी तिला फ्रान्सिस्को दे ओसुना ह्या फ्रान्सिस्कन धर्मगुरूंचा मनन-प्रार्थनेवरील ग्रंथ दिला. त्याने तिला प्रार्थनेची वाट दाखविली. परंतु ती वाट सोपी नव्हती. सुमारे अठरा वर्षे तिचे मन प्रार्थनेत कोरडे राहिले. ह्या दीर्घ काळात पुस्तक हीच तिची ढाल होती. कधी ती पुष्कळ वाची, कधी थोडे, तर कधी नुसते पुस्तक उघडताच विखुरलेले मन एकाग्र होई. १५५४ च्या सुमारास संत ऑगस्टीनचे आत्मनिवेदन तिच्या हाती आले. त्याच्या मनपरिवर्तनाचा प्रसंग वाचताना प्रभू आपल्यालाच हाक मारीत आहे असे वाटून तिला अश्रू अनावर झाले.

१५५९ साली स्पेनमध्ये लोकभाषेतील अनेक धार्मिक ग्रंथांवर बंदी आली. लॅटिन न जाणणाऱ्या तेरेजाला अतीव दुःख झाले. त्या वेळी प्रभू स्वतःच तिचा जिवंत ग्रंथ झाला. १५६२ साली तिने आविला येथे संत जोसेफचा मठ स्थापन केला. शरीराला जसे अन्न, तसे आत्म्याला सद्ग्रंथ आवश्यक आहेत, ह्या जाणिवेने मठात चांगली पुस्तके ठेवण्याचा नियम तिने घालून दिला. आता तिने स्वतःही लेखणी हाती घेतली.

१५८२ साली ती प्रभूघरी गेली. १९७० साली पोप सहावे पॉल ह्यांनी तिला ख्रिस्तसभेची आचार्या म्हणून घोषित केले. हा मान मिळविणारी ती पहिली स्त्री होय. तत्पूर्वी, १९२१ साली, एडिथ स्टाइन ह्या ज्यू विदुषीने तेरेजाचे आत्मचरित्र वाचले आणि १ जानेवारी १९२२ रोजी बाप्तिस्मा घेतला. हीच पुढे कार्मेल भगिनी व रक्तसाक्षी झाली.

प्रिय भाविकांनो, प्रार्थनेत मन लागत नाही म्हणून आपण प्रार्थनाच सोडून देतो काय? तेरेजाने तसे केले नाही. तिने पुस्तक उघडले. आपल्या घरातील शुभवर्तमान आणि संतचरित्रे कपाटात बंद असतील, तर आज रात्री रोझरीनंतर त्यातील एक पान कुटुंबासह वाचू या.