पाच बल्ब आणि पाइपातले क्षार: पिएरो जिनोरी कोंती यांची गोष्ट

तुमच्या घरी बोअरचं पाणी असेल तर बादलीत टाकायचा हीटरचा रॉड एकदा नीट बघा. त्यावर पांढरट, खरखरीत थर दिसेल. मी धरणगावचा, आणि आमच्याकडे जड पाण्याचं कौतुक कुणाला नाही. थर जाड झाला की पाणी तापायला वेळ लागतो, वीज जास्त जाते आणि एक दिवस रॉडच जळतो.

आता हाच थर वीजनिर्मिती केंद्राच्या पाइपात बसला तर? जमिनीतल्या उष्णतेवर वीज बनवणाऱ्या, म्हणजे भूऔष्णिक केंद्रांची ही सगळ्यात जुनी डोकेदुखी आहे. आणि गंमत म्हणजे, ज्या माणसाने जगात पहिल्यांदा अशी वीज बनवली, त्याने पहिल्याच प्रयोगात या डोकेदुखीचा विचार केला होता. आज त्याचीच गोष्ट.

पावडरीचा धंदा आणि जावई

पिएरो जिनोरी कोंती यांचा जन्म १८६५ चा, इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरातला. घराणं सरदारांचं, पदवी प्रिन्सची. पण आपल्या कामाची गोष्ट सुरू होते त्यांच्या सासरी. त्यांची पत्नी एड्रियाना ही लारदेरेल घराण्यातली, आणि या घराण्याचा धंदा मोठा विचित्र होता.

टस्कनी प्रांतात एका भागात जमिनीतून वाफेचे फवारे उडतात, गंधकाचा वास येतो, डबक्यातलं पाणी उकळतं. लोक त्याला सैतानाची दरी म्हणायचे. या पाण्यात बोरिक ॲसिड असतं. कॅरम खेळताना बोर्डवर टाकतो ना, ती पावडर बहुतेक वेळा हीच. फ्रांस्वा द लारदेरेल नावाच्या फ्रेंच माणसाने १८१८ मध्ये इथे बोरिक ॲसिड काढायचा कारखाना काढला. सुरुवातीला पाणी आटवायला लाकूड जाळायचे. आजूबाजूचं जंगल संपायला लागलं तेव्हा, म्हणजे १८२७ च्या सुमारास, त्यांनी डबक्यांवर घुमट बांधले आणि जमिनीतल्या वाफेवरच पाणी आटवायला सुरुवात केली. पुढे गावाला नावही त्यांचंच पडलं, लारदेरेल्लो.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या धंद्याची सूत्रं जावयाकडे, म्हणजे जिनोरी कोंती यांच्याकडे आली. वाफेने पाणी आटतं, तर वाफेने इंजिन का चालू नये, हा त्यांचा प्रश्न होता.

४ जुलै १९०४

त्या दिवशी लारदेरेल्लोमध्ये वाफेचं एक छोटं पिस्टन इंजिन चाललं, त्याला जोडलेला डायनामो फिरला आणि पाच बल्ब लागले. जमिनीतल्या उष्णतेपासून वीज, जगात पहिल्यांदा.

बल्बची गोष्ट बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळते. मला इंजिनिअर म्हणून जास्त आवडते ती बल्बच्या मागची गोष्ट. इंजिनात गेलेली वाफ जमिनीतली नव्हतीच!

लारदेरेल्लोच्या वाफेत बोरिक ॲसिड, हायड्रोजन सल्फाइड, कार्बन डायऑक्साइड, अमोनिया असं बरंच काही मिसळलेलं असतं. ती थेट पिस्टनमध्ये सोडली असती तर धातू गंजला असता, फटींमध्ये क्षार बसले असते. म्हणून जिनोरी कोंती यांनी मध्ये एक हीट एक्स्चेंजर ठेवला. एका बाजूने जमिनीतली गरम वाफ, दुसऱ्या बाजूला स्वच्छ पाणी, मध्ये धातूची भिंत. उष्णता भिंतीतून पलीकडे जाते, घाण अलीकडेच राहते. स्वच्छ पाण्याची वाफ होते आणि इंजिन त्या वाफेवर चालतं.

अवघड वाटतंय? थंडीत गोठलेलं तूप पातळ करायला आई वाटी गरम पाण्यात ठेवते. तूप वितळतं, पण पाण्याचा थेंबही तुपात जात नाही. तेच तंत्र.

पाच बल्बपासून २५० किलोवॅटपर्यंत

१९०५ मध्ये २० किलोवॅटचा डायनामो बसला, १९०८ मध्ये तेवढाच दुसरा. कारखाना आणि गावातली मुख्य घरं उजळली. १९१३ मध्ये लारदेरेल्लोला २५० किलोवॅटचं टर्बाइन सुरू झालं. हे जगातलं पहिलं व्यापारी भूऔष्णिक वीजकेंद्र. त्याच्या विहिरींतून २०० ते २५० अंश सेल्सिअसचा गरम माल येत होता, पण टर्बाइनला मिळत होती हीट एक्स्चेंजरमधून आलेली शुद्ध वाफच.

आता एक शंका येईल. भिंतीच्या अलीकडे घाण साचणारच ना? हो, साचते. क्षार गायब होत नाहीत, फक्त ते कुठे बसतील हे आपण ठरवतो. टर्बाइन महाग, नाजूक, वेगाने फिरणारं. त्याच्या पात्यांवर थर बसला की तोल बिघडतो, केंद्र बंद ठेवावं लागतं. हीट एक्स्चेंजर म्हणजे शेवटी नळ्या. त्या उघडता येतात, घासता येतात, बदलताही येतात. आम्ही सॉफ्टवेअरवाले युजरने टाइप केलेलं काहीही थेट डेटाबेसमध्ये जाऊ देत नाही, आधी एका थरात तपासतो. विचार तोच आहे.

शिवाय कंपनीसाठी ती घाण नव्हतीच. बोरिक ॲसिड हाच तर त्यांचा माल! उष्णता विजेला आणि रसायनं कारखान्याला, अशी वाटणी त्यांना फायद्याची होती.

पण फुकट काही मिळत नाही. भिंत ओलांडताना थोडी उष्णता वाया जाते, म्हणजे वीज कमी मिळते. म्हणूनच पुढे चांगले धातू आल्यावर जमिनीतली वाफ थेट टर्बाइनमध्ये सोडणारी केंद्रंही बांधली गेली. तरी १९४३ च्या अखेरीस लारदेरेल्लो परिसरातल्या १३२ मेगावॅटपैकी १०७ मेगावॅट या हीट एक्स्चेंजरच्याच पद्धतीवर होते. ते पाहायला जिनोरी कोंती नव्हते. उद्योग सांभाळत, इटलीच्या संसदेत बसत, १९३९ मध्ये फ्लॉरेन्समध्येच त्यांचं निधन झालं. १९४४ मध्ये दुसऱ्या महायुद्धात ही केंद्रं उद्ध्वस्त झाली. नंतर ती पुन्हा उभी राहिली आणि लारदेरेल्लोत आजही वीज बनते.

आज थर कसा रोखतात?

त्रास देणारे मुख्य क्षार दोन.

पहिला कॅल्शियम कार्बोनेट, तुमच्या रॉडवर असतो तोच. खोल जमिनीत पाण्यावर प्रचंड दाब असतो, त्यामुळे कार्बन डायऑक्साइड विरघळलेला राहतो आणि कॅल्शियमही. पाणी वर आलं की दाब घटतो. सोड्याची बाटली उघडल्यासारखा वायू निघून जातो आणि क्षार विहिरीच्या पाइपातच जमतात. उपाय दोन: पंप लावून दाब टिकवायचा, म्हणजे पाणी उकळणारच नाही, किंवा क्षारांचे कण एकमेकांना चिकटू न देणारं रसायन बारीक नळीने विहिरीत खोल सोडायचं.

दुसरा सिलिका, म्हणजे वाळूतला मुख्य घटक. हा गरम पाण्यात विरघळतो आणि पाणी थंड झालं की बसतो. कॅल्शियमचा थर लिंबूसत किंवा व्हिनेगरने सुटतो, सिलिका त्याला दाद देत नाही. म्हणून पाणी फार थंड होण्याआधीच परत जमिनीत सोडतात, किंवा त्यात थोडं ॲसिड घालून सिलिका जमण्याचा वेग कमी करतात.

आणि आपलं उनपदेव?

धरणगावहून तापी ओलांडून चोपड्याला जा, पुढे अडावदजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी उनपदेवला गरम पाण्याचा झरा आहे. तिथे गेलेल्या प्रत्येकाच्या डोक्यात येतं, याच्यावर वीज का नाही बनत?

अंघोळीच्या गरम पाण्यावर वाफेचं टर्बाइन फिरत नाही. अशा ठिकाणी जिनोरी कोंती यांच्या पद्धतीचं पुढचं रूप लागतं, बायनरी केंद्र. भिंतीपलीकडे पाण्याऐवजी कमी तापमानाला उकळणारं द्रव ठेवायचं. रशियाच्या कामचाटकामध्ये पारातुंका इथे १९६७ मध्ये सुमारे ८१ अंशाच्या पाण्यावर अशी वीज बनली. अलास्कातल्या चेना इथे २००६ पासून सुमारे ७४ अंशाच्या पाण्यावर बनते.

पण कामचाटका आणि अलास्का थंड प्रदेश आहेत. द्रव उकळायला गरम बाजू लागते, तसं ते पुन्हा थंड करायला गार बाजूही लागते, आणि वीज या दोन्हींतल्या फरकावर मिळते. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, म्हणजे गार बाजूच हरवते! त्यामुळे खान्देशात हे करायचं तर खोल ड्रिलिंग करून आणखी गरम पाणी गाठावं लागेल. आणि जितकं खोल, जितकं गरम, तितके विरघळलेले क्षार सहसा जास्त. म्हणजे फिरून पुन्हा त्याच भिंतीपाशी, जी त्या इटालियन जावयाने पाच बल्बसाठी उभी केली होती.