फ्लॉरेन्स नाइटिंगेल : दिवा आणि लेखणी

नर्सिंगची परीक्षा नुकतीच उत्तीर्ण झालेल्या आपल्या मंडळ्यांतील मुलींशी बोलताना एक गोष्ट आमच्या वारंवार ध्यानात येते. रोग्याच्या खाटेपाशी जन्म काढावा असे पुष्कळींना वाटत नाही. रात्रपाळ्या आणि कंबरदुखी यांपेक्षा शिकविण्याचे किंवा कचेरीतले काम बरे, असे त्या संकोचाने सांगतात. मग वडीलधारी माणसे नाइटिंगेलबाईंचे नाव घेऊन त्यांना बोल लावतात. त्या बाईंचे चरित्र आपण नीट वाचले आहे काय?

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचा जन्म 12 मे 1820 रोजी इटलीतील फ्लॉरेन्स शहरी झाला. घराणे इंग्लंडातील सधन. फेब्रुवारी 1837 मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी, देवाने आपल्याला सेवेसाठी पाचारण केले आहे अशी त्यांची खात्री झाली. पण ती सेवा कोणती हे उमगण्यास कित्येक वर्षे गेली. 1845 साली त्यांनी रुग्णालयात शिकावयास जाण्याची परवानगी मागितली, तेव्हा घरच्यांनी साफ नकार दिला. कुलीन मुलीने करण्याचे ते काम नव्हते. अखेर 1851 मध्ये जर्मनीतील कैझर्सवर्थ येथे, पाळक फ्लीडनर यांच्या डीकनेस भगिनींच्या संस्थेत, त्या सुमारे तीन महिने शिकल्या. 1853 मध्ये लंडनातील एका लहान रुग्णालयाच्या त्या अधीक्षिका झाल्या.

क्रिमियाच्या युद्धात 38 परिचारिका घेऊन त्या नोव्हेंबर 1854 मध्ये स्कुटारीच्या लष्करी इस्पितळात पोहोचल्या. दिवा घेऊन रात्री फिरणाऱ्या बाईची ही गोष्ट रविवारच्या शाळेतील मुलांना ठाऊक असते. त्यापुढची मात्र आपण क्वचितच सांगतो. त्या हिवाळ्यात, एवढी शुश्रूषा होत असूनही, शिपाई मरतच राहिले. इमारतीखालची गटारे तुंबली होती. मार्च 1855 मध्ये सरकारी आरोग्य मंडळ आले, गटारे साफ झाली आणि मृत्यू झपाट्याने उतरले. 1856 मध्ये परत आल्यावर बाईंनी संख्याशास्त्रज्ञ विल्यम फार यांच्या साह्याने सारे आकडे तपासले. जखमांपेक्षा टाळता येण्याजोग्या रोगांनीच अधिक माणसे गेली होती. हे सत्य कडू होते. पण त्यांनी ते झाकून ठेवले नाही.

त्यानंतर त्या स्वतःच दुखण्याने खिळल्या आणि उरलेले बहुतेक आयुष्य खोलीत बसून लिहिण्यात गेले. 1858 मध्ये लंडनच्या संख्याशास्त्र संस्थेच्या त्या पहिल्या स्त्री सभासद झाल्या. 1860 मध्ये सेंट थॉमस रुग्णालयात त्यांची परिचारिका शाळा निघाली. हिंदुस्थानात त्या कधीच आल्या नाहीत; तरी येथील गोऱ्या फौजेत वर्षाला हजारी 69 शिपाई मरतात, हे 1863 च्या शाही आयोगाच्या अहवालाने दाखविले, त्यामागे त्यांचे अपार श्रम होते. पुढे येथील खेड्यांतले पाणी, गटारे आणि दुष्काळ हे त्यांच्या चिंतेचे विषय झाले. पुण्याच्या सार्वजनिक सभेशीही त्यांचा पत्रव्यवहार होता.

तेव्हा हिशेब असा : युद्धातील रुग्णसेवा दोन वर्षांहून कमी, लेखणीची सेवा कित्येक दशके. मग खाटेपाशी न राहणाऱ्या मुलीला आपण पळपुटी कसे म्हणावे? पण मुलींनीही दुसरी बाजू पाहावी. वॉर्डातली घाण डोळ्यांनी पाहिली नसती, तर बाईंना त्या आकड्यांमागची माणसे दिसली नसती. त्यांच्या शाळेतल्या मुलीही वॉर्डात काम करूनच शिकत. म्हणून प्रमाणपत्र हाती येताच टेबल-खुर्ची मिळेल, अशी अपेक्षा धरू नये. काही वर्षे रोग्याजवळ काढावीत. मग देव नेईल तेथे निःशंक जावे.

चांगल्या शोमरोन्याने जखमा स्वतःच्या हातांनी बांधल्या, आणि दुसऱ्या दिवशी उतारशाळेच्या मालकाला पैसे देऊन पुढची व्यवस्थाही लावली. दोन्ही मिळून एकच सेवा झाली.

13 ऑगस्ट 1910 रोजी नाइटिंगेलबाई प्रभूकडे गेल्या. वेस्टमिन्स्टर अॅबीतील दफनाचा मान नातलगांनी नाकारला. ईस्ट वेलो या खेड्यातल्या त्यांच्या कबरीवर पूर्ण नावही नाही, केवळ आद्याक्षरे आहेत. शिक्षकांनी यंदा ही गोष्ट सांगताना दिव्यापाशी थांबू नये, लेखणीपर्यंत जावे. वर्गातल्या एखाद्या मुलीला तिचे पाचारण तेथे सापडेल.